ठेव

सेक्रेटरी वेंगुर्लेकर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
नियमावलीत वाहन आहे, सदनिका आहे.
तुमचं हे दोन्ही नाही.
शिवाय सव्वीस नंबरवाल्यांना गॅलरीतून खाडी दिसत नाही आता.

खाडी तशीही दिसत नव्हती,
पण ते मी बोलले नाही.
नेरुळात एकोणीस वर्षं काढून एवढं कळलंय
की न दिसणाऱ्या खाडीचेही पैसे भरलेले असतात.

साडेबारा फूट लांब, पिस्ता रंगाची,
रबाळ्याच्या एका शेडमध्ये जोडलेली.
एक ओटा, एक गादी, तपेल्याएवढं बेसिन.
मी तिला ट्रेलर म्हणते, आरटीओ आणखी काही म्हणतं,
भाऊ म्हणायचा, ताईची पळती खोली.

भाऊ मार्चमध्ये गेला.
राउरकेल्याच्या क्वार्टरची चावी कंपनीला परत करायची,
त्याआधी कपाटं, भांडी, बत्तीस वर्षांची विजेची बिलं.
तिथवर हिला ओढणं माझ्या गाडीच्या क्लचला झेपणार नाही.
मलाही नाही.
जाण्यासाठी घेतली, आणि तिलाच ठेवून जायचं.

तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवर चाकं मोजतात.
सहा चाकी, दहा चाकी, चौदा चाकी, तसा दर.
दोन?
पोराने पावतीपुस्तक मिटलं.
दोन म्हणजे सायकल, मावशी.

कळंबोलीत जागा होती, कंटेनरांच्या मागे.
तिथे एक फ्रिज उभा होता, दार दोरीने बांधलेला.
वॉचमन म्हणाला, याचा मालकपण दोनच महिने बोलला होता.

उलव्याच्या लॉनवाल्याने चहा पाजला,
लग्नं संपली की मोकळंच असतं सगळं, म्हणाला,
दर सांगितला, खाली आणला,
मग कप ठेवता ठेवता: आत कुणी राहणार नाही ना?
नाही.
तीच तर भीती, ताई. रिकाम्या खोलीत कुणीही येऊन राहतं.

दिवाळ्याला मी बोंबील घ्यायला थांबले होते,
जागा विचारायला नाही.
मे संपत आलेला, मासेमारी बंद व्हायची म्हणून
होड्या वर ओढलेल्या, कुशीवर कललेल्या,
बुडाचे शिंपले खरवडून काढलेले.
हातातला ब्रश तसाच धरून पदाजी कोळी आला
आणि तिच्याभोवती एक फेरी मारून गेला.
परत आला. वाकला. टायर दाबला.

कवरं दिवस?

दोन महिने, मी म्हटलं. मी काही विचारलंच नव्हतं.

चाकांवर भार नको ठेवू, बाय.
एका जागी चपटी होतात.
मग जल्मभर लंगडते.

चार पोरं, दोन लाकडी ओंडके, एक जॅक.
ती वीतभर उचलली गेली,
'देवकन्या' आणि 'जय मल्हारी' यांच्या मधोमध,
आणि तिची चाकं हवेत जरा उगाचच फिरून थांबली.

भाडं विचारलं तर त्याने घराच्या ओटीकडे बोट केलं.
जाळी. उंदीर कुरतडतात.
तुझ्या खोलीत ठेवू?

गादी गुंडाळली. ओट्यावर, बेसिनमध्ये, जमिनीवर
निळी जाळी, हिरवी जाळी, शिशाच्या गोळ्या.
दार ढकलून लावावं लागलं.
नारळी पुनवेला आमी निघू, तवा तू पन ने, तो म्हणाला,
मागे नको ठेवू. एकटी पडंल.

आता इथे, क्वार्टरच्या मागच्या पडवीत,
ताडपत्री ओढली तर खाली भावाची स्कूटर.
विटांवर चढवलेली. दोन पुढे, दोन मागे.
हॉस्पिटलला जायच्या आधी चढवली असणार,
कारण विटांखाली फेब्रुवारीचा पेपर घडी करून घातलाय
डुगडुगू नये म्हणून.

भंगारवाला फाटकाशी उभा आहे, दर विचारतोय.
मी टायर दाबून पाहिला.
गोल होता.